तीन मजली केक, घरच्या ओव्हनमधून

नाताळ उरकला की वसई, उत्तन, मढ आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत लग्नांची घाई सुरू होते. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागणार, त्याच्या आत जेवढी उरकतील तेवढी उरकायची, राहिलेली ईस्टरनंतर. रिसेप्शनच्या स्टेजवर केक हवाच. तो कापल्याशिवाय टोस्ट नाही, टोस्टशिवाय जेवण नाही. हॉलवाल्याच्या यादीतला केकचा आकडा ऐकला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्या मावशीच्या हातचा केक इतका छान होतो, घरीच करू या की!’ हा लेख त्या मावशीसाठी आहे. तिनं ‘हो’ म्हणण्याआधी वाचला तर जास्त बरं.

लग्नाच्या केकमध्ये मैदा, साखर आणि अंडी यांना फारसे पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते उंचीला, वरच्या सजावटीला आणि आदल्या दोन दिवसांतल्या जागरणाला. क्रीमचा स्पंज केक आदल्या रात्रीच करावा लागतो, फ्रिज लागतो, एसी गाडी लागते, आणि हे सगळं नेमकं घरात पाहुणे उतरलेले असताना. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: बेत स्वस्तात बसवायचा असेल तर जो केक दीड-दोन महिने आधी करून ठेवता येतो तोच करा. म्हणजे जुन्या पद्धतीचा, सुक्या मेव्याचा, रममध्ये मुरलेला केक, वर काजूचं मार्झिपान आणि रॉयल आइसिंग. तो फ्रिजशिवाय राहतो, मुरला की चवीला चढतो, आणि लग्नाच्या आठवड्यात तुमचे हात मोकळे ठेवतो. उरलेला सगळा लेख याच केकबद्दल आहे.

आधी आकडा. समजा तीनशे पाहुणे आहेत. स्टेजवरचा केक तीनशे जणांना पुरला पाहिजे हा हट्ट सोडा; तिथेच खर्च दुप्पट होतो. दाखवायचा केक वेगळा आणि वाटायचा केक वेगळा. सुक्या मेव्याचा केक जड असतो, एक इंच लांब-रुंद तुकडा एका माणसाला पुरतो. बुफेमध्ये गोड पदार्थ असतातच. आठ इंची चौकोनी टिनमधून असे ६४ तुकडे निघतात. चार टिन म्हणजे २५६. स्टेजवरच्या आठ इंची गोल थरातून आणखी चाळीसेक तुकडे निघतील. झाले तीनशे. सर्वांत वरचा सहा इंची थर घरच्यांसाठी राखून ठेवा. तो महिनाभर पुरवून खाता येतो.

स्टेजवर तीन मजले दिसायला हवेत, तर सर्वांत खालचा दहा इंची मजला खोटा ठेवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुकानांतल्या पाच मजली केकचेही खालचे मजले बहुतेक वेळा खोटेच असतात, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग होतं आणि १९४० मध्ये आइसिंगचे केक करून विकायलाच बंदी आली, तेव्हा तिथल्या नवराबायकोंनी पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टरचे नक्षीदार मजले भाड्यानं आणून छोट्याशा केकवर झाकले होते. आपल्याकडे पूर्वी यासाठी थर्माकोल वापरत. पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. ओळखीच्या सुताराकडून प्लायवुडचं दहा इंच व्यासाचं, चार इंच उंचीचं गोल खोकं करून घ्या. त्याला जाड पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर आइसिंग लावा. लग्न झालं की धुऊन ठेवा. पुढच्या वर्षी पुतणीच्या लग्नात तेच चालेल, आणि शेजारीही मागून नेतील.

आता साहित्य. आठ इंची गोल केकचं माप धरून पुढचं सगळं बसवता येतं: बटर २२५ ग्रॅम, साखर २२५, मैदा २२५, चार अंडी आणि सुका मेवा ७०० ग्रॅम. सहा इंची गोलाला याच्या निम्म्याहून किंचित जास्त लागतं आणि आठ इंची चौकोनाला सव्वापट. टिन दोन इंचांनी मोठा झाला की साहित्य थोडंसंच वाढेल असं वाटतं, पण वाढ क्षेत्रफळाच्या हिशोबानं होते. दहा इंची गोलाला आठ इंचीच्या दीडपटीहून जास्त लागतं, आणि लोक नेमके इथे फसतात. आपल्या बेतात एक सहा इंची, एक आठ इंची आणि चार चौकोनी टिन आहेत. सगळं मिळून बटर, साखर आणि मैदा प्रत्येकी दीड किलो, अंडी २७ आणि मेवा साधारण पावणेपाच किलो होतो. दहा किलोच्या घरात केक तयार होईल.

बिलाचा मोठा वाटा मेवा, बटर आणि काजू खातात, त्यामुळे काटकसर तिथेच करायची. साखर-मैद्यात वाचवायला काही नाही. बटरच्या जागी मार्गारीन घालू नका; मुरवलेल्या केकमध्ये त्याची चव लपत नाही. मीठ असलेलं बटर चालतं, फक्त वरून मीठ घालू नका. मेव्याच्या बाबतीत मात्र मोकळीक आहे. परदेशी प्रून, क्रॅनबेरी, लाल चेरी यांची गरज नाही. दोन किलो काळे मनुके, सव्वा किलो सांगली-तासगावकडचे बेदाणे, पाऊण किलो बिया काढलेला खजूर आणि उरलेल्या पाऊण किलोत टुटीफ्रुटी आणि साखरेत पाकवलेली संत्र्याची साल. साल विकत घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागपुरी संत्री येतात तेव्हा खाऊन झालेल्या साली साठवा, दोन-तीनदा पाणी बदलून उकळून कडवटपणा काढा, पट्ट्या कापा आणि साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवा. दुकानातल्या रंगीत सालींपेक्षा या हजारपट चांगल्या लागतात. मार्झिपानला अख्खे काजू घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. वाटायचेच आहेत, तेव्हा तुकडा किंवा कणी घ्या. आपल्याकडे आणि गोव्यात मार्झिपान बदामाऐवजी काजूचं करतात, ते चवीलाही चांगलं आणि खिशालाही.

नाताळचा केक घरी होतच असेल तर मेवा एकदमच भिजवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट किंवा तुमच्या गावच्या घाऊक किराण्यातून दोन्हींचा माल एकत्र घेतला की भाव कमी होतो. मेवा धुऊन, कापडावर पूर्ण वाळवून, बारीक चिरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत रममध्ये भिजवा. साधी डार्क रम पुरते. महागड्या बाटलीचा इथे काही उपयोग नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्यानं हलवा. ज्या घरात दारू चालत नाही त्यांनी संत्र्याच्या रसात भिजवावं, पण मग तो केक महिनाभर बाहेर टिकणार नाही. तो लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवावा लागेल, म्हणजे वेळापत्रक बदलेल.

वेळापत्रक असं. लग्न जानेवारीच्या शेवटी असेल तर मेवा नोव्हेंबरात भिजतो, केक डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भाजले जातात, जानेवारीत लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी मार्झिपान, मग आठवडाभर आधी आइसिंग. चौकोनी केक दोन दिवस आधी कापून गुंडाळायचे. शेवटच्या दिवशी फक्त रचायचं.

टिन विकत घेण्याआधी ओव्हनची आतली रुंदी-खोली टेपनं मोजा. टिनच्या चारही बाजूंना दोन बोटं हवा खेळायला हवी. नाहीतर काठ करपतात आणि मध्य कच्चा राहतो. घरगुती ओटीजीत एका वेळी आठ इंची एकच टिन बसतो असं धरून चाला. म्हणजे सहा केक, प्रत्येकी अडीच ते तीन तास, १५० अंशांवर. एका दिवसात दोन करा, जास्त नको. टिनच्या आत बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून जाड खाकी कागदाची पट्टी दोऱ्यानं बांधली तर काठ कोरडे पडत नाहीत. वर काळपट होऊ लागलं तर बटर पेपर झाका. काळ्या रंगासाठी कोको घालू नका. वाटीभर साखर जाड बुडाच्या भांड्यात गडद तांबडी होईपर्यंत जाळा आणि गॅस बंद करून, तोंड लांब ठेवून, थोडं थोडं उकळतं पाणी घाला. ते जोरात उसळतं, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. हे जळकं पाणी पूर्ण गार करून पिठात घालायचं. दालचिनी, लवंग, जायफळ घरच्या अंदाजानं.

भाजायच्या दिवशी वीज जाणार नाही याची चौकशी करा. महावितरणचा देखभालीचा वार आपापल्या भागात ठरलेला असतो आणि घरच्या इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. ओव्हनच नसेल तर नानकटाई भाजून देणारी जुनी बेकरी गाठा. पीठ टिनमध्ये भरून न्यायचं, ती घाणावर पैसे घेते. पण दुपारी, पावाची भट्टी थंडावत असताना जा. पाव भाजायच्या आचेत हा केक वीस मिनिटांत काळा पडेल.

भाजून पूर्ण गार झालेल्या केकला सळईनं टोचून दोन-तीन चमचे रम पाजा. आधी बटर पेपर, मग फॉइल. फॉइल थेट लावू नका, मेव्यातल्या आंबटपणानं ती झिजते. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा चमचाभर रम द्या. मार्झिपान लावायच्या काही दिवस आधीपासून देणं बंद करा. ओलसर केकवर मार्झिपान सुटतं.

मार्झिपानसाठी अर्धा किलो काजूकणी, तेवढीच पिठीसाखर, एक-दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि थोडं गुलाबपाणी. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून लोणी होतं. केक उलटा करा. तळाची बाजू सपाट असते, तीच वर घ्या. जॅम किंचित गरम करून ब्रशनं लावा आणि त्यावर लाटलेलं मार्झिपान बसवा. दोन-तीन दिवस उघडं वाळू द्या, वर जाळी झाका. हे न वाळवता आइसिंग केलं तर काजूचं तेल पिवळे डाग बनून वर येतं आणि ते नंतर कशानंही लपत नाहीत.

रॉयल आइसिंगला दोन-सव्वादोन किलो पिठीसाखर लागेल, दर पाव किलोला साधारण एका अंड्याचा पांढरा भाग, चार थेंब लिंबू. पहिल्या थरात अर्ध्या किलोला चमचाभर ग्लिसरीन घाला, नाहीतर नवरा-नवरी सुरी दाबत राहतील आणि व्हिडिओवाला हसेल. खोट्या मजल्याला मात्र ग्लिसरीन नको, तिथे कडकच हवं. हे आइसिंग शिजत नाही, त्यामुळे गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलांचा विचार करून मी केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी मेरँग पावडर वापरण्याचा आग्रह धरेन. थोडे पैसे जास्त जातील, ते इथे वाचवायचे नाहीत. अंडीच वापरलीत तर आठ-नऊ बलक उरतात. त्यांचं कॅरमल कस्टर्ड होतं, आणि अंगात दम असेल तर बिबिंका.

आइसिंग गुळगुळीत करायच्या नादाला लागू नका. ते वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे. चमच्याच्या पाठीनं टोकं काढलेलं खडबडीत आइसिंग दिव्यांत छान दिसतं आणि हाताचे दोष झाकतं. फाँडंटबद्दल विचाराल तर मला तो आवडत नाही. दिसतो सुरेख, पण पाहुणे सोलून ताटलीच्या काठाला ठेवतात, आणि दमट हवेत घामेजतो. आइसिंग केलेला हा केकही फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं. लग्न मे महिन्यात असेल तर किनारपट्टीच्या हवेत आइसिंग वाळायला दुप्पट वेळ धरा आणि खोलीत पंखा सुरू ठेवा.

सजावटीला ताजी फुलं स्वस्त आणि सुंदर, पण केकवर काय ठेवतो ते पाहा. कण्हेर विषारी आहे, ती नकोच. खुरचाफ्याचा चीक आणि लिलीही नको. गुलाब, आणि मोसम असेल तर वसईचा मोगरा चालेल, मात्र देठ केकमध्ये खुपसू नका. देठांना फुलवाल्याची टेप गुंडाळा आणि फुलं कापायच्या आधी काढून टाका. खोट्या मजल्यावर मात्र हवी तेवढी फुलं मांडा, तिथे खायचं काहीच नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक वेगळा टिन ठेवा. ऑफिसातली, सोसायटीतली मंडळी येणारच, आणि ‘अंडं आहे का?’ हा प्रश्न येणारच. कंडेन्स्ड मिल्कच्या एका डब्यात सव्वाशे ग्रॅम बटर, अडीचशे ग्रॅम मैदा, बेकिंग पावडर, थोडा खायचा सोडा, पातळ करण्यापुरतं दूध आणि रसात भिजवलेला मेवा. तो टिकाऊ नसतो, लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवा. त्यासाठी भांडी, सुरी आणि फितीचा रंग वेगळा ठेवा. वाढणाऱ्या मुलांना नुसतं सांगून पुरत नाही, हिरवी फीत दिसली की त्यांना विचारावं लागत नाही.

वाटण्याच्या तुकड्यांसाठी नाव छापलेले छोटे डबे घ्यायचा मोह होईल. तीनशे डब्यांची किंमत विचारून पाहा. बऱ्याचदा ती सुक्या मेव्याच्या बिलाला गाठते. केक वाचवून पुठ्ठ्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. बटर पेपरचे चौकोन कापा, तुकडा गुंडाळा, वर अरुंद सॅटिनची फीत बांधा. केक कापायला दातेरी सुरी नको, लांब धारदार सुरी घ्या आणि प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्यानं पुसा. काठ अगदी पातळ छाटा. छाटणीचा चुरा, उरलेला जॅम आणि रम मळून लाडू वळले की गुंडाळायला बसलेल्या आत्या-काकूंचा चहा होतो. आणि त्यांना बसवाच. हे काम एकटीनं केलं तर रात्र जाते, सहाजणी असल्या की संध्याकाळी आटपतं.

हॉल ठरवतानाच बाहेरचा केक चालतो का, त्याचे वेगळे पैसे घेतात का, हे लेखी विचारून घ्या. काही ठिकाणी केक आणायला हरकत नसते, पण प्लेट, सुरी आणि वाढप्याचे दर लावतात, आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. स्टँड विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतो.

केक रचून नेऊ नका. तिन्ही मजले वेगळ्या खोक्यांत, गाडीच्या सपाट डिकीत, खाली रबरी चटई. मांडीवर केक घेऊन बसणारा मामा प्रत्येक लग्नात असतो, त्याला पुढच्या सीटवर बसवा. रचताना आठ इंची थर खोक्यावर ठेवायला काही आधार लागत नाही, लाकूड भक्कम आहे. सहा इंचीखाली मात्र त्याच मापाचा जाड पुठ्ठा हवा आणि आठ इंचीत चार लाकडी काड्या, आइसिंगच्या पातळीला कापलेल्या. सोबत वाटीभर आइसिंग, चमचा, कात्री आणि ओलं फडकं न्या. वाटेत कुठे तरी टवका जाणारच. मैदानातला मांडव असेल तर टेबल मावळतीच्या उन्हात किंवा स्पीकरशेजारी नको. टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि वरून कापड सोडा, पण ते जमिनीला टेकू देऊ नका. साखर आणि काजू असला की मुंग्या फार उशीर करत नाहीत.

सुरी मधल्या मजल्यावर लागेल, खालच्यावर नाही, हे नवरा-नवरीला, टोस्टमास्टरला आणि फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवा. सकाळीच त्या मजल्यावर मागच्या बाजूला आइसिंग हलकं कापून ठेवा आणि तिथे फितीची खूण करा. फोटो निघाले की मधला मजला आत नेऊन कापायची जबाबदारी एकाच माणसाला द्या, आणि ती मावशी नसावी. तिनं दोन महिने काम केलंय, तिला जेवायला बसू द्या. खोकं, काड्या आणि स्टँड परत आणायची यादी मात्र तिच्याकडून आधीच लिहून घ्या. स्टँडचं डिपॉझिट दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आजच्या किरकोळ भावानं साहित्याची बेरीज चार-पाच हजारांच्या आसपास येईल. खोकं, काड्या, फीत आणि स्टँडचं भाडं वेगळं. लग्नाला महिन्याहून कमी दिवस उरले असतील, किंवा मुलीला पांढऱ्या क्रीमचा, आतून फळांचा स्पंजच हवा असेल, तर हा बेत सोडा आणि चांगल्या बेकरीला दोन मजल्यांची ऑर्डर द्या. वाटायचे तुकडे तेवढे घरी करा.